मांगरातलं विमान

बाजारात मासे विकून घरी यावं, अंग घासून आंघोळ करावी, अर्धा साबण संपवावा, तरी जेवायला बसल्यावर बघावं तर कोपराला एक खवला चिकटलेला असतोच. गजालींचं, गावगप्पांचं, तसंच आहे. आपण काही त्या गोळा करायला जात नाही. अंगाला चिकटून घरात येतात आणि उन्हाची तिरीप पडली की चमकतात. आमच्या मांगरात तीन शहाणे आणि एक माझा नवरा मिळून विमान बांधायला लागले, तेव्हापासून इतक्या साठल्यात की कोणीतरी झाडून काढायला हव्यात. मीच काढते. त्या तिघांवर सोपवलं तर खोटं सांगतील.

विमान म्हणजे खरं उडणारं नव्हे. कॉम्प्युटरवर विमान चालवायचा प्रोग्रॅम असतो. टीव्हीत आकाश दिसतं, खाली समुद्र दिसतो, आणि आपण हातातला दांडा हलवला की ते सगळं आकाश एका कुशीवर कलतं. त्याचे दांडे, बटणं, सीट दुकानात तयार मिळतात म्हणे. आमच्या माणसांनी सगळं घरी केलं. घरी म्हणजे माझ्या घरी. जाळी ठेवायच्या मांगरात.

०

नवऱ्याला सगळा गाव तांडेल म्हणतो. मीही म्हणते. होडीच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून बसतो आणि जाळं कुठे टाकायचं ते ठरवतो, तो तांडेल. गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारा गेला. पाय परत आला, बोलणं परत आलं, पण डाव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. खडपाला, पाण्यातल्या खडकाला, कालव धरतं तशी. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. तांडेलांनी तो कुत्र्याला दिला.

होडी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकली. मी स्पष्ट सांगितलं, "मूठ उघडली तर होडी पाण्यात. नाय तर होडी भावोजींक." ज्याला दोरी सोडता येत नाही त्याने समुद्रात जाऊ नये. दोरी त्याला घेऊन जाते. हे मला कोणी शिकवायला नको, माझा बाप तसाच गेला. वेंगुर्ल्याचा दीर तर वाटच बघत होता. दर आठवड्याला फोन, "वयनी, होडयेचा काय ठरला?"

तांडेल उत्तर देत नसत. घरापुढच्या खळ्यात बाजल्यावर पडून आभाळाकडे बघत. बोलणं आलं होतं, पण बोलायचं नव्हतं.

एका दुपारी आंतोन वायरमन आमचा टीव्ही दुरुस्त करायला आला होता. चिपीच्या विमानतळावर उतरणारं विमान माडांच्या वरून गेलं, जरा डुगडुगत. तांडेल बाजल्यावरूनच म्हणाले, "ह्येका वारो कळना नाय."

किती दिवसांनी तोंड उघडलं होतं, आणि तेही दुसऱ्याची चूक काढायला. मला बरं वाटलं. आंतोन टीव्ही तसाच उघडा टाकून निघून गेला आणि भाईंना घेऊन आला.

०

भाई म्हणजे मुंबईत बँकेत जन्म काढून निवृत्तीला गावी आलेले. कॉम्प्युटर त्यांचा, प्रोग्रॅमही त्यांचाच. गावात आले तरी मराठी ऑफिसचीच बोलतात.

पहिल्या दिवशी तांडेलांनी उजव्या हातात प्लॅस्टिकचा दांडा धरला आणि विमान थेट डोंगरात घातलं. दुसऱ्यांदाही डोंगरातच.

भाई म्हणाले, "तांडेल, डावीकडे जायचं तर दांडा डावीकडे न्यायचा."

"कित्या?"

का म्हणून विचारलं, ते बरोबरच होतं. होडीचं सुकाणू उजवीकडे लोटलं की होडी डावीकडे वळते. आमच्या किनाऱ्यावर शहाणं माणूस असंच चालतं. तांडेल मिसरूड फुटायच्या आधीपासून तेच करत आलेले.

"माका सुधरवचा वय गेला," तांडेल म्हणाले. "विमानाक सुधरवा."

आंतोनने दांड्याचं पोट फाडलं. आत रेडिओचा आवाज कमीजास्त करायच्या बटणासारखं काहीतरी होतं. त्याच्या दोन कडेच्या वायरी त्याने अदलाबदल केल्या आणि विमान होडीसारखं वळायला लागलं. मग तांडेल म्हणाले, ह्या वांग्यासारख्या दांड्यात मजा नाही. तिघे किनाऱ्यावर गेले आणि होडीच्या सुकाणूचा लाकडी दांडा काढून घेऊन आले. आंतोनने त्याला दाराच्या बिजागऱ्या लावल्या, म्हणजे वरखालीही होईल. होडीवर सुकाणू तांडेलांच्या डाव्या हाताला असे. मिटलेल्या मुठीत दांडा सरकवला. असा बसला, जणू ती मूठ इतके दिवस त्याच्यासाठीच मिटून ठेवली होती.

त्या दिवसापासून ते विमान तांडेलांशिवाय कोणाला चालवता येईना. भाई गोव्याहून पुण्याला निघाले, आणि थोड्या वेळाने सगळीकडे नुसता समुद्र.

तांडेल म्हणाले, "भाई, बँक पण अशीच चलवलास?"

०

नामू रिक्षांचं कुशन करतो. दोडामार्गपासूनच्या रिक्षा त्याच्याकडे येतात. त्याला फक्त एक खुर्ची मढवायला सांगितली होती. त्याने लाल रेक्झिन लावलं, कडेने सोनेरी गोंडे लावले, पाठीमागे 'दर्यासारंग' असं शिवलं, आणि पुढे लिंबू-मिरची बांधली. वर डोक्यापाशी आरसा लावला.

भाई म्हणाले, "नामदेव, विमानाला मागचं बघायचा आरसा नसतो."

"मगे मागसून कोण इलो तर समजतला कसा?"

आरसा राहिला. खरं सांगायचं तर बरंच झालं. तांडेल विमानात असत तेव्हा मी दारात बसून त्या आरशात त्यांचं तोंड बघायचे. समोरून बघितलं की ते तोंड फिरवत.

०

एकदा मी आमटीचं वाटप करायला बसले, खोबरं, मिरची, धणे सगळं भांड्यात भरलं, तर मिक्सरला बटण नाही. मोटार आहे, पातं आहे, बटण जाग्यावर नाही. नुसतं वरचं टोपण नव्हे, आतलं सगळं काढून नेलेलं.

मांगरात गेले. तांडेल ढगात होते. उजव्या हाताखाली एंजिनाचा जोर कमीजास्त करायला होडीच्या गियरचा दांडा, त्याच्या शेजारी एक फळी, आणि फळीवर माझ्या मिक्सरचं बटण. एक, दोन, तीन असं लिहिलेलं. पंखाच्या मागची झाप किती उघडायची ते म्हणे त्याने ठरतं. मी काही विचारलं नाही. उपटलं आणि वायरीसकट घेऊन आले.

मागून भाईंचा आवाज, "कॅप्टन, फ्लॅप गेले!"

तांडेलांनी आरशात बघितलं. म्हणाले, "गेले नाय. जेवणाक लागले."

आंतोनने संध्याकाळी मिक्सर दुरुस्त करून दिला. तेव्हापासून मिक्सर फक्त तीनवरच चालतो.

०

पहिलं मोठं उड्डाण गाऱ्हाणं घातल्याशिवाय करायचं नाही, असं नामूने ठरवलं. होडी पाण्यात घालताना गाऱ्हाणं घालतात, मग विमानाला का नको? तो टीव्हीसमोर उभा राहिला, हात जोडले आणि सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तांडेलान विमान काढल्यान आसा..."

"व्हय म्हाराजा."

"तेका वाटेत काय आडवा-तिडवा येत आसात तर ता दूर कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." आंतोन व्हय म्हाराजा म्हणे आणि लगोलग छातीवर क्रूस काढी. दोन्हीकडचं सांभाळलेलं बरं.

"आणि तेची मूठ उघड रे म्हाराजा."

यावर व्हय म्हाराजा सगळ्यांच्या आधी मीच म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

मग नारळ. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, फोडतात. इथे नाळ कुठली? नामूने टेबलाच्या कडेवर फोडला. निम्मं पाणी देवाला गेलं, निम्मं कीबोर्डला. विमान सुटलं, गोवा मागे पडला, आणि कुठलंतरी एक बटण आत चिकटून बसलं. चाकं पोटात गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. कुर्ली, म्हणजे मोठा खेकडा, डोळे आतबाहेर करते तसं ते विमान वेंगुर्ल्यापर्यंत आलं.

भाई हताश होऊन म्हणाले, "आता हे उतरवायचं कसं?"

नामू म्हणाला, "भायर येतली तेवा टेकवचा."

तांडेलांनी टेकवलं. बाहेर होती तेव्हाच.

०

आता सगळ्यात मोठं भांडण. विमान आमच्या गावावर आलं तेव्हा मी मुद्दाम हातातलं काम टाकून बघायला गेले. किनारा होता, खाडी होती, पण माझं घर नव्हतं. घराच्या जागी पाणी होतं.

"माझा घर खंय?"

"वहिनी, हे चित्र फुकटचं आहे," भाई म्हणाले. "जगभर एकच करून ठेवलंय. आपला किनारा त्यांनी थोडा आत घेतलाय."

"थोडो? माझी चूल बुडवल्यानी. काढा ता."

भाईंनी दुसरं शोधलं. त्यात किनारा जाग्यावर होता, पण सगळीकडे पाइन का कसली ती झाडं, बर्फाच्या देशातली. तिसऱ्यात माड होते, पण माड वडाएवढे आणि माणसं मुंगीएवढी. शेवटी ठरलं, आपलं चित्र आपणच करायचं. आंतोनने डोंगरावर चढून मोबाईलवर फोटो काढले, भाईंनी ते बसवले. घर आलं. देऊळ आलं, चर्चचा क्रूस आला, नामूचं दुकान पाटीसकट आलं.

गावात बातमी फुटल्यावर शेजारीण आली. आमच्या दोघींच्या बांधावर एक माड आहे. तो कोणाचा, यावरून दोन्ही सासवा बोलायच्या थांबल्या होत्या. ती भाईंना म्हणाली, "माड माझ्या हद्दीत दाखवचो." मी म्हटलं, "हात लावून बघ." भाईंनी घाम पुसला आणि माडच काढून टाकला. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी बोलतो आणि भाईंशी बोलत नाही.

तांडेलांनी एवढंच मागितलं: देवळाचा कळस आणि डोंगरावरचं सावरीचं झाड जाग्यावर हवं. बोटभरही इकडेतिकडे नको. समुद्रातून येताना कळस आणि सावर एका रेषेत दिसली की खाली पाण्यात तांडेलांचं खडप. त्या खडपावर घोळ मासा येतो, आणि घोळ पाण्याखाली घुमते. तिचा आवाज ऐकायचा तर एंजिन बंद करायचं आणि सगळ्यांनी गप बसायचं. तांडेल तोंडाने कधी गप म्हणत नसत. सुकाणू सोडून डावा हात वर करायचे, पंजा उघडा. होडीवर कोणी श्वाससुद्धा घेत नसे.

लग्न झालं तेव्हा एकदा मी त्या होडीतून माहेरी चालले होते. सासूबद्दल तोंड सुरू होतं माझं. मध्येच एंजिन थांबलं आणि तो हात वर गेला. पाण्याखालून काहीतरी घुमत होतं, लांब कोणीतरी जातं ओढतंय तसं. मला जन्मात कोणी गप बसवलं असेल तर त्या हाताने.

चित्र पुरं होत आलं तेव्हा भाईंनी सहज विचारलं, "तांडेल, होडी कुठे ठेवू? पाण्यात की वर?"

मी म्हटलं, "आसा थय. किनाऱ्यार."

तांडेल त्या दुपारी जेवले नाहीत.

दोन दिवसांनी बघितलं तर टीव्हीतली होडी पाण्यात होती. कोणी हलवली म्हणून विचारलं, तर तिघेही कौलांकडे बघायला लागले. तांडेल आरशात बघत होते. मी बोलणार होते. पण ते पाणी इतकं शांत होतं, आणि मांगराच्या खिडकीतून दिसणारा समुद्रही नेमका त्याच रंगाचा. त्यातला खरा कुठला, ते मला घटकाभर ठरवता येईना. मी पाटी उचलून बाजारात गेले.

०

नारळी पुनव जवळ आली, समुद्र उघडायची वेळ झाली, तसा वेंगुर्ल्याचा दीर स्वतःच आला. होडी बघून आला आणि खळ्यात उभा राहून ओरडला, "सुकाणू खंय गेला? गियर खंय गेलो?"

मी मांगराकडे बोट दाखवलं.

आत गेला. लाल रेक्झिन, गोंडे, लिंबू-मिरची, आणि त्यात बसलेला आपला मोठा भाऊ, मुठीत होडीचा दांडा. बघतच राहिला. तांडेल उठले, त्याला खुर्चीत बसवलं. म्हणाले, "चलव. तुका जमतला. सुकाणू आपलाच आसा."

त्याला खरंच जमलं. उलट्या सुकाणूचा माणूस. विमान वर गेलं, वळलं, माडांवरून आमच्या घरावर आलं. त्याला आणखी चेव चढला. आंतोनने नेमका तेव्हाच खुर्चीखालचा स्पीकर सुरू केला. गणपतीतला जुना स्पीकर, त्याने खुर्ची एंजिनासारखी थरथरते. दीर वर ढग बघतोय, खाली खुर्ची हलतेय. तो हिरवा झाला.

लहानपणापासून समुद्रात असलेला माणूस, वादळातसुद्धा कधी पोटातलं पाणी न हललेला, पंख्याखाली बसून ओकला. नामूच्या नव्या रेक्झिनवर.

तोंड धुऊन, चहा न घेता निघाला. फाटकापाशी थांबून म्हणाला, "वयनी, पुनवेच्या दुसऱ्या दिसा टेम्पो घेऊन येतंय. सुकाणू परत लावून ठेवा."

आरशात मी बघितलं नाही. खुर्ची पुसत होते.

०

पुनवेच्या दिवशी सगळा गाव किनाऱ्यावर गेला, नारळ घेऊन. तांडेल गेले नाहीत. म्हणाले, माझी होडी वर असताना मी समुद्राला नारळ कशाला देऊ? जेवणं झाल्यावर तिघे आले. आंतोन पाना-पकड घेऊन आला होता, सुकाणू सोडवायला. तांडेल म्हणाले, "एकदा जाऊन येतंय."

मी दारात बसले. भाईंनी विमान चालू केलं. ते आमच्या गावावरून आलं, माझ्या घरावरून, नसलेल्या माडावरून, खाडीवरून. वरून बघितलं तर खाडी म्हणजे कोणीतरी वाळत घातलेलं जुनं लुगडं, वाऱ्याने जरा हलणारं. तांडेलांनी विमान समुद्राकडे काढलं आणि खूप खाली घेतलं. बाहेरून ढोलाचा आवाज येत होता, लाटांचा येत होता, टीव्हीतल्या एंजिनाचा येत होता. दुपारचं ऊन जाळ्यांमधून गाळून खाली पडलं होतं. मला वाटतं माझा डोळा लागला असावा. नसेलही.

विमान वळलं. समोर देवळाचा कळस दिसला आणि त्याच्या मागे डोंगरावरची सावर. दोन्ही हळूहळू जवळ सरकत गेली, आणि कळस सावरीवर बसला.

तांडेलांनी उजव्या हाताने गियर मागे ओढला आणि एंजिन बंद केलं.

भाई दचकले. "तांडेल, एंजिन..."

नामू म्हणाला, "पडतला ता! तांडेल, पडतला!"

आंतोन उठून कॉम्प्युटरकडे धावला. टीव्हीतलं पाणी वर येत होतं. मीही उठले. बोलायला तोंड उघडलं होतं, शब्द ओठावर होते, नेहमीचेच.

तेवढ्यात सुकाणूचा दांडा रिकामाच डुलताना दिसला. तांडेलांचा डावा हात वर आला होता. पंजा उघडा.

आंतोन जागच्या जागी थांबला.

मी गप बसले.